फुकटच्या खेळाची किंमत

जाहिरातीसाठी ग्राहकाला वेगळे मोल द्यावे लागत नाही, असे अर्थशास्त्राच्या वर्गात सांगण्याची जुनी पद्धत आहे. जाहिरातींमुळे वर्तमानपत्र स्वस्त पडते, रेडिओ विनामूल्य ऐकता येतो, आणि जाहिरात नकोच असेल तर पान उलटण्यास वाचक मुखत्यार असतो. यातील शेवटचे विधान मात्र गेल्या पाव शतकात डळमळीत झाले आहे. त्यास कारण झाले ते संगणकाच्या ब्राउझरमध्ये खेळावयाचे, एखाद्या मालाच्या प्रचारासाठीच रचलेले खेळ.

१९९७ साली अमेरिकेतील 'लाइफ सेव्हर्स' या गोळ्यांच्या उत्पादकांनी 'कँडीस्टँड' नावाचे संकेतस्थळ काढून त्यावर छोट्या गोल्फसारखे खेळ विनामूल्य मांडले. पुढे २०११ मध्ये मॅग्नम आइस्क्रीमच्या खेळातील नायिका इतर कंपन्यांच्या संकेतस्थळांवरून धावत चॉकलेटे गोळा करू लागली. पण या साऱ्यांत विक्षिप्तपणाचा मान जातो तो बर्गर किंग या उपाहारगृह-कंपनीने २००४ साली आणलेल्या 'आज्ञाधारक कोंबडी'कडे. कोंबडीचा पोशाख चढविलेला एक इसम साध्याशा दिवाणखान्यात उभा असे. आपण हुकूम टंकित करावा आणि त्याने तो पाळावा. नाच म्हटले की तो नाचे. भलतासलता हुकूम दिला तर पुढे येऊन बोट हलवीत दटावी. या हालचाली अर्थातच आधी चित्रित करून ठेवलेल्या होत्या. काटेकोरपणे पाहता याला खेळ म्हणावे की नाही, हा प्रश्नच आहे. पण लोक मात्र त्याच्याशी तासन्‌तास खेळले.

त्यांत प्रस्तुत लेखकही होता. पदव्युत्तर परीक्षा आटोपल्यानंतरच्या रिकाम्या दिवसांत, तासाला वीस रुपये मोजून, सायबर कॅफेतील कळकट पडद्यासमोर बसून मी त्या कोंबडीला हुकूम सोडले आहेत. ज्या कंपनीचे दुकान त्या काळी आपल्या देशात नव्हते, तिची जाहिरात पाहण्यासाठी मी पदरचे पैसे मोजीत होतो! एवढ्यावर न थांबता दोन मित्रांना तो पत्ताही कळविला.

या व्यवहाराचे अर्थकारण मोठे चतुर आहे. दूरचित्रवाणीवरील जाहिरात दर वेळी दाखविण्याचे दर वेळी पैसे पडतात. खेळाचा खर्च मुख्यतः एकदाच होतो. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक नव्या खेळाडूमागे वाढीव खर्च जवळजवळ शून्य. शिवाय प्रसाराचे काम खेळाडू स्वतःच बिनपगारी करतो. माहिती मुबलक झाली की लक्ष दुर्मिळ होते, हे हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच दाखवून दिले होते. तीस सेकंदांच्या जाहिरातीला जे लक्ष मिळत नाही, ते येथे ग्राहक आपण होऊन पुष्कळ वेळ देतो.

जाणत्या माणसाने आपला वेळ कोंबडीवर उधळावा, त्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न मुलांचा आहे. कैसर फॅमिली फाउंडेशनने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, मुलांपर्यंत पोचणारी खाद्यपदार्थांची ७७ संकेतस्थळे तपासण्यात आली. त्यांपैकी ७३ टक्के स्थळांवर असे खेळ होते आणि खाद्यपदार्थांची नावे मिरविणाऱ्या खेळांची एकूण संख्या ५४६ भरली. आठ वर्षांखालील मुलांना जाहिरातीमागील हेतू ओळखता येत नाही, असा निष्कर्ष अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेच्या अभ्यासगटाने २००४ मध्ये काढला होता. दूरचित्रवाणीवर निदान कार्यक्रम थांबतो आणि जाहिरात लागते. शेजारी बसलेली आई तेवढ्यात काही सांगू शकते. खेळात ती फटच उरत नाही. ज्या गोळ्या वेचल्यावर गुण वाढतात, त्याच गोळ्या दुकानात विकावयाच्या असतात.

कायदे मात्र त्या फटीवरच उभे आहेत. अमेरिकेच्या १९९० च्या कायद्याने मुलांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांतील जाहिरातींची मिनिटे ठरवून दिली. आपल्याकडे २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी चिप्स, शीतपेये आदींच्या जाहिरातींना मुलांच्या कार्यक्रमांत व वाहिन्यांवर मज्जाव केला; २०२३ च्या विदा संरक्षण कायद्यात मुलांवर पाळत ठेवण्यास आणि त्यांना हेरून जाहिराती करण्यास मनाई आहे. पण जेथे कार्यक्रम हीच जाहिरात, आणि मुलाची कोणतीही माहिती न घेता जी सर्वांसमोर सारखीच मांडली जाते, तेथे ही कलमे कशी लावावयाची?

हे जुने खेळ ज्या फ्लॅश तंत्रावर चालत, त्याचा आधार अॅडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी काढून घेतला. 'फ्लॅशपॉइंट' या उपक्रमातील हौशी मंडळींनी एक लाखाहून अधिक खेळ व चलत्‌चित्रे जतन केली आहेत. गोळ्या-बिस्किटांच्या जाहिराती लोकांनी स्वखुशीने सांभाळाव्यात, याचे मला नवल वाटत नाही. त्यांत आता कोणाचे तरी बालपण आहे. आजचे खेळ मोबाइलवर आले आहेत. त्यांच्यापुरते दोन नियम तरी ताबडतोब करता येतील: खेळ चालू असेतोवर 'ही जाहिरात आहे' अशी ठळक ओळ पडद्यावर असावी, मराठीत खेळ असेल तर मराठीत, आणि ज्यांना ती ओळ वाचताच येत नाही, अशा वयाच्या मुलांसाठी असे खेळ काढूच नयेत.