काड्यापेटी, मेणबत्ती आणि काहील : खेड्यातील शाळेतले विज्ञान

खेड्यातील शाळेत प्रयोगशाळा नाही, म्हणून विज्ञान फळ्यावरच शिकवावे लागते, ही तक्रार शिक्षकांच्या बहुतेक बैठकींत ऐकू येते. तक्रार खोटी नाही. परंतु प्रयोगशाळा म्हणजे काचेची कपाटे आणि विकत आणलेली उपकरणे एवढाच अर्थ घेतला, तर आपल्या भोवतीची बरीच मोठी प्रयोगशाळा नजरेतून सुटते. कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुक्याचेच उदाहरण घेऊ. इचलकरंजीचे यंत्रमाग, हुपरीची चांदीची कारागिरी, शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील कारखाने, वारणा आणि पंचगंगेच्या काठचा ऊस आणि हंगामात पेटणारी गुऱ्हाळे, हे सारे एका तालुक्यात आहे. येथील मुले उष्णता, धातू, गती आणि द्रावणे यांच्या शेजारीच वाढतात. फक्त त्यांचा आणि विज्ञानाच्या पुस्तकाचा संबंध जोडून दिला जात नाही.

हा संबंध जोडण्याचे प्रयत्न जुने आहेत. दुसऱ्या महायुद्धात अनेक देशांतील शाळा उद्ध्वस्त झाल्या. तेथील शिक्षकांनी हाताशी असलेल्या वस्तूंतून विज्ञान कसे शिकवावे, यासाठी युनेस्कोने १९४८ साली एक छोटी पुस्तिका काढली. तिच्यातूनच पुढे १९५६ साली विज्ञान शिक्षकांसाठीचा प्रसिद्ध संदर्भग्रंथ तयार झाला. आपल्या देशात १९७२ साली मध्य प्रदेशातील होशंगाबाद (आजचे नर्मदापुरम) जिल्ह्यातील सोळा माध्यमिक शाळांत ‘किशोर भारती’ आणि रसूलियाचे ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या संस्थांनी विज्ञान शिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू केला. मुलांनी गटात प्रयोग करावेत, निरीक्षणे वहीत लिहावीत आणि निष्कर्ष चर्चेतून काढावेत, अशी त्याची रीत होती. १९७८ साली तो साऱ्या जिल्ह्यात पसरला. १९८२ साली स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने तो पुढे चालवला. २००२ साली राज्य सरकारने तो बंद केला, पण तोपर्यंत देशभरच्या शिक्षकांनी त्यातून बरेच काही उचलले होते.

पुण्याच्या टेल्को कारखान्यातील एक तरुण अभियंता, अरविंद गुप्ता, १९७८ साली वर्षभराची रजा घेऊन या कार्यक्रमात दाखल झाले. सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी आणि आगकाड्या यांपासून भूमितीच्या आकृती करण्याची त्यांची युक्ती पुढे जगभर गेली. नंतर पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेतही त्यांनी अनेक वर्षे काम केले.

वस्तू स्वस्त असली म्हणजे विज्ञान आपोआप चांगले होते, असे मात्र नाही. टाकाऊ वस्तूंचा प्रयोगही ‘बघा, पुस्तकात सांगितले तसेच झाले’ एवढ्यावर संपवता येतो. तसे झाले तर पाठांतरच होते, फक्त फळ्याऐवजी वस्तू येतात. म्हणून पुढील तीन प्रयोगांत साहित्यापेक्षा प्रश्नांवर आम्ही अधिक भर दिला आहे.

१. काड्या आणि रबरी नळी

साहित्य : दोन रुपयांची काड्यापेटी, सायकलच्या दुकानात मिळणारी व्हॉल्व्हची नळी, खराट्याच्या काही काड्या.

काड्यांचा गूल आधी खरवडून टाकावा. हे काम शिक्षकांनीच करावे. नळीचे साधारण दीड सेंटीमीटरचे तुकडे करावेत. एका तुकड्याच्या दोन टोकांत दोन काड्या खोचल्या की वाकणारा सांधा तयार होतो. तीन काड्या व तीन तुकड्यांचा त्रिकोण, आणि चार काड्या व चार तुकड्यांचा चौरस मुलांना करू द्यावा.

आता दोन्ही आकृती कोपऱ्यांत हलकेच दाबायला सांगावे. चौरस लगेच तिरपा होऊन समभुज चौकोन होतो. त्रिकोण मात्र आकार सोडत नाही. कारण तिन्ही बाजूंच्या लांब्या ठरल्या की त्रिकोणाचे कोनही ठरून जातात. चौकोनात चारही बाजू तेवढ्याच ठेवून कोन बदलता येतात. हे कारण लगेच सांगू नये. ‘चौरस न हलणारा करायचा असेल तर काय कराल?’ असे विचारावे. कोणी तरी कर्णाची काडी लावायला जाते आणि आगकाडी तोकडी पडते. मग खराट्याची काडी मोजून, तोडून बसवली जाते. ती बाजूच्या सुमारे १.४ पट भरते. पायथागोरसचा सिद्धांत शिकवायला याहून चांगली वेळ कोणती? त्यानंतर मुलांना बाहेर न्यावे. पत्र्याच्या शेडची कैची आणि उच्चदाबाच्या तारांचे मनोरे यांत त्रिकोण कोठे कोठे दिसतात, ते मोजू द्यावेत.

२. पेल्याखालची मेणबत्ती

हा प्रयोग आपल्यापैकी बहुतेकांनी केलेला असतो. थाळीत पाणी घ्यायचे, मधे मेणबत्ती पेटवायची आणि वर काचेचा पेला उपडा ठेवायचा. मेणबत्ती विझते, पाणी पेल्यात चढते. स्पष्टीकरणही ठरलेले असते : ऑक्सिजन जळून गेला, त्याची जागा पाण्याने घेतली; म्हणून हवेत एक पंचमांश ऑक्सिजन असतो.

हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो हे खरे. पण हा प्रयोग ते सिद्ध करत नाही, आणि हे मुलांनाच शोधता येते. त्याच पेल्याखाली एकाऐवजी तीन मेणबत्त्या ठेवून पाहाव्यात. पाणी बरेच जास्त चढते. पेला तोच, त्यातला ऑक्सिजनही तेवढाच. मग फरक का पडावा? आणखी एक निरीक्षण : मेणबत्ती जळत असताना पाणी फारसे हलत नाही, ज्योत मंदावून विझताना ते एकदम चढते. ऑक्सिजन तर ज्योत जळत असतानाच खर्च होत असतो.

पेला ठेवताना ज्योतीभोवतीची हवा तापून प्रसरण पावलेली असते. काही हवा बाहेर निसटते. कधी कधी कडेने बुडबुडेही दिसतात. ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकुंचन पावते, आत दाब कमी होतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. तीन मेणबत्त्यांनी हवा जास्त तापते, म्हणून पाणी जास्त चढते. शिवाय मेण जळताना ऑक्सिजनच्या जागी कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो पाण्यात सावकाश विरघळतो. आणि सारा ऑक्सिजन संपण्याच्या बऱ्याच आधी ज्योत विझते.

मग एक पंचमांश मोजायचा कसा? लोखंडाला गंज चढताना ऑक्सिजन वापरला जातो आणि त्याच्या बदल्यात दुसरा वायू तयार होत नाही. शिरोलीच्या किंवा गावातल्या कोणत्याही लेथ-वेल्डिंगच्या दुकानातून लोखंडाचा बारीक कीस आणावा. त्यावर तेल असेल तर साबणाच्या पाण्याने धुवावा, कारण तेलामुळे गंज चढत नाही. सरळ बाजूंची काचेची अरुंद बाटली आतून ओली करून तीत कीस भुरभुरावा, तो काचेला चिकटतो. बाटली पाण्याच्या थाळीत उपडी ठेवावी. शेजारी कीस न घातलेली तशीच दुसरी बाटली ठेवावी. बाटलीला कागदाची पट्टी चिकटवून रोज एकाच वेळी पाण्याची पातळी नोंदवावी, म्हणजे उन्हाच्या तापमानाचा घोटाळा होत नाही. काही दिवसांत पहिल्या बाटलीत पाणी चढत जाते आणि सुमारे एक पंचमांशावर थांबते. दुसऱ्या बाटलीत ते जवळजवळ जागचे हलत नाही.

भांडी घासायच्या तारेच्या घासणीनेही हा प्रयोग होतो, पण घासणी स्टेनलेसची असेल तर गंजणार नाही. आधी तुकडा ओला करून रात्रभर ठेवावा आणि खात्री करून घ्यावी.

३. पाणी किती अंशांवर उकळते?

‘शंभर,’ असे सारा वर्ग एका आवाजात सांगतो. आता थर्मामीटर घेऊन मोजावे. हातकणंगल्याचा परिसर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे. उंचीबरोबर हवेचा दाब घटतो आणि दर तीनशे मीटरला उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने उतरतो. म्हणजे येथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळणार.

मुलाने वहीत ‘९८’ लिहिले आणि आपण ते खोडून ‘१००’ करायला लावले, तर त्या एका खोडण्याने मूल काय शिकते याचा विचार करावा. डोळ्यांनी पाहिलेले चूक आणि छापलेले बरोबर, हाच तो धडा. त्याऐवजी ‘थर्मामीटरच चुकत असेल का?’ असे विचारावे. वितळत्या बर्फात बुडवून तो शून्य दाखवतो का, हे पाहता येते. तो ठीक असेल, तर मग उंचीची गोष्ट सांगावी. पुस्तकातले शंभर हे समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाचे आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

याच्या पुढची पायरी गुऱ्हाळावर आहे. जाळ वाढवला तरी उकळत्या पाण्याचे तापमान वाढत नाही. काहिलीतल्या उसाच्या रसाचे मात्र वाढत जाते. पाणी उडून जाते, रस घट्ट होतो आणि साखरेचे प्रमाण वाढते तसा त्याचा उत्कलनबिंदूही वाढतो. गूळ तयार होईपर्यंत तो ११५ अंशांच्या पुढे जातो. गुळव्या थर्मामीटर लावत नाही. तो थोडा पाक थंड पाण्यात टाकून त्याची गोळी होते का ते पाहतो. हीही मोजणीच आहे, पिढ्यान्‌पिढ्या तपासलेली.

वर्गात एक वाटी गूळ आणि एक वाटी पाणी उकळून दर दोन मिनिटांनी तापमान नोंदवावे आणि आलेख काढावा. फेस वर येतो, म्हणून पातेले मोठे घ्यावे. १०५ अंशांना थांबावे, कारण शाळेतील थर्मामीटर बहुधा ११० पर्यंतचाच असतो. त्यापुढे तो फुटतो. गरम पाक त्वचेला चिकटून खोल भाजतो, तेव्हा हे काम शिक्षकांनीच करावे आणि मुलांना गुऱ्हाळावर काहिलीपासून दूर ठेवावे. आलेख मात्र मुलांचाच असावा. तो दाखवून एखाद्या गुळव्याला वर्गात बोलवावे आणि मुलांना त्याला प्रश्न विचारू द्यावेत.

याच तालुक्यातील कुंभोज येथे १८८७ साली कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म झाला. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करून त्यांनी श्रम आणि शिक्षण यांची सांगड घातली, खेड्यातल्या गरीब मुलाला शाळेचे दार उघडून दिले. दार उघडल्यावर आत त्याला काय मिळते, हे आपल्या हाती आहे. आपल्या बापाच्या गुऱ्हाळात, मामाच्या लेथवर जे चालते तेच विज्ञान आहे, हे ज्या मुलाला कळते, ते पुस्तकाला भीत नाही आणि पुस्तकापुढे डोळे मिटूनही बसत नाही.

शिक्षकमित्रांनी या तीनपैकी एक तरी प्रयोग या महिन्यात करून पाहावा. तीन मेणबत्त्यांचा प्रयोग आधी करावा, असे आम्ही सुचवतो. त्याला दहा मिनिटे लागतात. स्पष्टीकरण मात्र त्या दिवशी देऊ नये. मुलांना एक रात्र विचार करू द्यावा.