जादा बचतीचा मुका मार

पडून खरचटले, रक्त आले, तर माणूस लगेच दवाखाना गाठतो. मुका मार मात्र अंगावर काढला जातो आणि त्याचे दुखणे पुढे कधीतरी वर येते. म्हातारपणासाठी उघडलेल्या खात्यात मर्यादेपेक्षा जास्त पैसा भरला गेला, की असाच मुका मार बसतो. नोटीस येत नाही, दंडाची पावती फाटत नाही, पासबुकावर शिक्का पडतो आणि बचत केल्याचे समाधान घेऊन माणूस घरी येतो. भंडारा जिल्ह्याची ओळख धानाची आणि तलावांची असली, तरी जवाहरनगरची ऑर्डनन्स फॅक्टरी, तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीज खाणी, वरठीचा पोलाद कारखाना आणि गावोगावच्या जिल्हा परिषद शाळा यांच्यामुळे पगारदार घरेही इथे पुष्कळ आहेत. जादा भरलेला पैसा दिसताक्षणी दुरुस्त करणे हा बचतीचाच भाग आहे, आणि ही दुरुस्ती सोपी करून देणे हे सरकारचे काम आहे, हे या घरांसाठी सांगायला हवे.

सगळ्यात जास्त गफलत होते ती पीपीएफमध्ये, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्य सरकारी नोकरीत लागलेल्यांना जुनी पेन्शन आणि जीपीएफची, म्हणजे सरकारी नोकरांच्या भविष्य निर्वाह निधीची, खात्री राहिली नाही. अशा घरांनी सुरक्षित म्हणून पीपीएफकडे वळणे स्वाभाविक आहे. या खात्याची वार्षिक मर्यादा २०१४ पासून दीड लाख आहे. मात्र ती खात्यागणिक नसते. पालकाचे स्वतःचे खाते आणि त्याने अज्ञान मुलाच्या नावे उघडलेले खाते, दोन्ही मिळून दीड लाख. वडिलांनी स्वतःच्या खात्यात दीड लाख भरले आणि मुलीच्या खात्यातही पालक म्हणून दीड लाख भरले, तर दुसरा दीड लाख नियमबाह्य ठरतो. त्यावर व्याज नाही आणि ती रक्कम बिनव्याजी परत होते. २०२० पासून व्याजदर ७.१ टक्के आहे. दर एप्रिलच्या आरंभी असे दीड लाख जादा भरत पाच वर्षे गेली, तर साडेसात लाखांवर मिळू शकले असते असे सुमारे पावणेदोन लाखांचे व्याज हातचे जाते. आई आणि वडील यांची मर्यादा वेगवेगळी असल्याने मुलीच्या खात्याचे पालकत्व कोणाकडे आणि भरणा कोणाचा, एवढे आधी ठरवले असते तरी बरेच नुकसान टळले असते.

यावर हमखास प्रश्न येतो, की पैसे नियमाबाहेरचे होते तर खिडकीवर घेतलेच कसे? प्रश्न रास्त आहे, पण कायद्याने त्याचे उत्तर ठेवीदाराच्या बाजूने दिलेले नाही. तमिळनाडूतल्या पळणीच्या देवस्थानाने १९९५ च्या मे महिन्यात टपाल खात्याच्या मुदत ठेवीत सुमारे १ कोटी ४० लाख रुपये ठेवले. संस्थांना अशी ठेव ठेवण्याची मुभा त्याच वर्षी १ एप्रिलपासून बंद झाली होती. पोस्टाने ठेव स्वीकारली, मुदत पूर्ण झाली आणि व्याज नाकारले गेले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही देवस्थानाची मागणी मान्य केली नाही. कर्मचाऱ्याच्या चुकीने नियम बदलत नाही, हा या निकालाचा अर्थ. अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये अनियमित खात्यांबाबत जे निर्देश दिले, तेही याच वळणाचे आहेत. एकाच माणसाची दोन पीपीएफ खाती असतील तर एक मुख्य धरायचे, दुसऱ्यातली रक्कम वार्षिक मर्यादेत बसेल तेवढीच त्यात मिळवायची आणि उरलेली बिनव्याजी परत करायची. तिसरे खाते असेल तर उघडल्या दिवसापासून व्याज शून्य.

कंपनीच्या किंवा खाणीच्या पीएफची गोष्ट वेगळी. तिथे जादा रक्कम परत येत नाही, तिच्यावरच्या व्याजाला कर लागतो. १ एप्रिल २०२१ पासून कामगाराची स्वतःची वर्षाची वर्गणी, ऐच्छिक वाढीव कपात धरून, अडीच लाखांवर गेली की वरच्या रकमेचे व्याज करपात्र होते. मालक काही भरत नाही अशा जीपीएफसारख्या निधीला ही मर्यादा पाच लाख आहे. केंद्राच्या जीपीएफमध्ये तर २०२२ पासून वर्षाला पाच लाखांहून जास्त भरताच येत नाही. पीएफमध्ये जादा रकमेचा हिशेब वेगळा ठेवला जातो आणि ती खात्यात असेपर्यंत तिच्या व्याजावर दरवर्षी कर लागतो. एक लाख जादा गेले, तर ८.२५ टक्के दराने पुढच्या पूर्ण वर्षाचे व्याज ८,२५० रुपये. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला उपकरासह त्यावर २,५७४ रुपये कर येतो. दहा टक्के टीडीएस कापला गेला म्हणजे हिशेब मिटला, असे अनेकजण धरून चालतात. पण टीडीएस हा केवळ आगाऊ हप्ता असतो. उरलेला कर 'इतर उत्पन्न' या रकान्यात व्याज दाखवून स्वतः भरावा लागतो.

जुने व्याज दाखवायचे राहून गेले असेल, तर आता उघड करून कशाला लक्ष वेधून घ्यायचे, हा दुसरा आक्षेप. पण कापलेल्या टीडीएसची आणि व्याजाची नोंद आयकर खात्याच्या वार्षिक माहिती पत्रकात आधीच पोहोचलेली असते. मुदत असेपर्यंत सुधारित विवरणपत्र भरता येते. ती टळली तर अद्ययावत विवरणपत्राची वाट २०२५ पासून चार वर्षांपर्यंत खुली आहे. त्यात मूळ कर आणि व्याजावर पहिल्या वर्षी २५, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी ६० आणि चौथ्या वर्षी ७० टक्के जादा कर द्यावा लागतो. हा चढता क्रमच सांगतो, की उशीर महाग पडतो. उत्पन्न कमी दाखवल्याचे खात्याने शोधून काढले, तर कराच्या ५० टक्के दंड होऊ शकतो आणि खोटी माहिती दिल्याचे ठरले तर तो २०० टक्क्यांवर जातो.

तुलनेसाठी परदेशातली पद्धत पाहा. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तिथल्या वैयक्तिक निवृत्ती खात्यातल्या जादा रकमेवर, ती काढून घेईपर्यंत, दरवर्षी सहा टक्के दंडकर लागतो. नियम कडक खरा, पण तिथे दुरुस्तीची तारीख ठरलेली आहे आणि दंड कळवायचा अर्जही ठरलेला आहे. विवरणपत्राच्या मुदतीआधी जादा रक्कम तिच्या कमाईसह काढली, तर दंड टळतो. आपल्या पीपीएफमध्ये टक्केवारीचा दंड नाही, म्हणून आपली पद्धत सौम्य वाटते. पण चूक झाल्याचे वेळेवर सांगणारी व्यवस्था नसेल, तर शून्य व्याजाची दहा वर्षे कोणत्याही दंडापेक्षा जड जातात. २०२३ पासून अल्पबचत खात्यांना आधार आणि पॅन सक्तीचे केले आहेत. मग पालकाच्या आणि मुलाच्या खात्यांची बेरीज दीड लाखांवर जाताच पुढचा भरणा खिडकीवरच अडवला गेला पाहिजे. ही मागणी भंडाऱ्याच्या कर्मचारी आणि शिक्षक संघटनांनी लावून धरावी, कारण नुकसान त्यांच्याच सभासदांच्या घरात होते.

तोवर घरची दक्षता घरीच घ्यावी लागेल. पीपीएफचे व्याज पाच तारखेनंतरच्या किमान शिल्लकीवर मोजतात, म्हणून वर्षभराचा भरणा ५ एप्रिलच्या आत उरकण्याची घाई असते. त्या घाईआधी घरातली सगळी पासबुके आणि मार्चचे पगारपत्रक शेजारी ठेवून एक बेरीज करावी. कोणाच्या नावावर किती, पालक कोण, वर्षाची पीएफ कपात किती. जादा आधीच भरले गेले असेल, तर त्याच आठवड्यात पोस्टात किंवा बँकेत लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. पीएफची कपात मर्यादेवर जात असेल, तर ऐच्छिक कपात कमी करायला सांगावे. मुका मार वेळीच शेकला तर हाडात राहत नाही.