विश्लेषण : व्हिडीओ ट्रिम केल्यावर कापलेला भाग खरेच जातो का?

मुलीच्या स्नेहसंमेलनातला नाच मोबाइलवर टिपला. सुरुवातीच्या चार सेकंदांत तिचे ओळखपत्र आले, त्यावर घरचा पत्ता आणि फोन नंबर. म्हणून तेवढा भाग ट्रिम करून व्हिडीओ सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. पाहणाऱ्याला ओळखपत्र दिसत नाही. पण फाइलमधून ते गेलेच आहे, असे प्रत्येक वेळी म्हणता येत नाही. ट्रिम नेमके कशाने केले आणि फाइल कशी पाठवली, यावर ते अवलंबून असते. हे का होते आणि व्हिडीओ नीट कसा कापायचा, ते समजून घेऊ.

व्हिडीओ म्हणजे फोटोंची माळ नव्हे?

दिसायला तसेच असते, पण साठवताना नाही. फुल एचडी व्हिडीओच्या एका चौकटीत (फ्रेम) १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी ३ बाइट धरले, तर एक फ्रेम सुमारे ६.२ एमबीची होते. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर एका मिनिटाला सुमारे ११ जीबी लागतील. प्रत्यक्षात असा व्हिडीओ आयफोन मिनिटाला साधारण ६० ते १३० एमबीमध्ये बसवतो. अँड्रॉइड फोनही याच पद्धतीने जागा वाचवतात.

ही बचत २००३ मध्ये आलेले एच.२६४ आणि २०१३ मध्ये आलेले एचईव्हीसी यांसारखे कोडेक करतात. ते प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाहीत. अधूनमधून एक फ्रेम पूर्ण साठवली जाते, तिला ‘कीफ्रेम’ म्हणतात. मधल्या फ्रेममध्ये फक्त आधीच्या किंवा पुढच्या फ्रेमच्या तुलनेत काय बदलले, एवढेच लिहिलेले असते. मागचा पडदा तोच असेल, तर तो पुन्हा पुन्हा कशाला लिहायचा, हा त्यामागचा हिशेब. दर दोन सेकंदांनी कीफ्रेम असेल, तर ६० फ्रेमपैकी एकच पूर्ण असते.

मग कापताना अडचण कुठे येते?

समजा कीफ्रेम ८, १० आणि १२ व्या सेकंदाला आहेत आणि तुम्हाला व्हिडीओ साडेअकराव्या सेकंदापासून हवा आहे. तिथली फ्रेम एकटी उलगडतच नाही. तिच्यासाठी १० व्या सेकंदाची कीफ्रेम आणि मधले सगळे बदल हाताशी लागतात. अशा वेळी ॲपपुढे तीन मार्ग असतात.

पहिला, १० व्या सेकंदापासूनच कापणे. ‘मी कापले तिथून नाही, दीड सेकंद आधीपासून व्हिडीओ सुरू होतो’ ही नेहमीची तक्रार यातूनच येते.

दुसरा, १० व्या सेकंदापासूनचा डेटा फाइलमध्ये ठेवणे, पण ‘पहिला दीड सेकंद दाखवू नकोस’ अशी सूचना प्लेअरला देणे. एमपी४ फाइलमध्ये अशा सूचनेसाठी ‘एडिट लिस्ट’ नावाची सोय असते. बहुतेक प्लेअर ती पाळतात. मात्र लपवलेल्या फ्रेम फाइलमध्येच असतात आणि सूचना न पाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्या दिसू शकतात.

तिसरा, सगळा भाग उलगडून हव्या त्या फ्रेमपासून नव्याने साठवणे, म्हणजेच री-एन्कोडिंग. यात कट अचूक बसतो आणि आधीच्या फ्रेम नव्या फाइलमध्ये जातच नाहीत. किंमत मोजावी लागते ती वेळेची आणि थोड्या दर्जाची.

एडिटिंगच्या भाषेत पहिल्या दोन मार्गांना ‘लॉसलेस’ कापणी म्हणतात. एफएफएमपेग हे मोफत साधन आणि त्यावर आधारित लॉसलेसकट हे ॲप यासाठी प्रसिद्ध आहे. तासाभराच्या कार्यक्रमातून दहा मिनिटे काढायला काही सेकंद पुरतात, कारण डेटा नुसता कॉपी होतो आणि दर्जा तसूभरही घसरत नाही. दोन्हींचा मेळ घालणारी ‘स्मार्ट कट’ ही पद्धतही आहे. वरच्या उदाहरणात साडेअकरा ते बारा एवढाच तुकडा नव्याने एन्कोड होतो, पुढचा जसाच्या तसा कॉपी होतो. पण ती सगळ्याच फाइलवर बिनचूक चालते असे नाही.

खासगीपणाला धोका कधी?

लॉसलेस कापलेली फाइल आहे तशीच पुढे गेली की. अनेक जण दर्जा टिकावा म्हणून व्हॉट्सॲपवर व्हिडीओ ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवतात. त्यात फाइलमध्ये जे आहे ते सगळे जाते, लपलेल्या फ्रेमसकट.

आयफोनच्या फोटो ॲपमध्ये वेगळी गंमत आहे. तिथे ट्रिम केलेला व्हिडीओ ‘रिव्हर्ट’ करून पुन्हा मूळ लांबीचा करता येतो, कारण मूळ फाइल जपलेली असते. एरवी शेअर करताना कापलेलीच आवृत्ती जाते. पण एअरड्रॉप करताना ‘ऑल फोटोज डेटा’ हा पर्याय सुरू असेल, तर मूळ फाइल आणि बदलांचा इतिहासही समोरच्याकडे पोहोचतो.

कापलेले परत दिसणे ही केवळ पुस्तकी भीती नाही. मार्च २०२३ मध्ये ‘ॲक्रोपॅलिप्स’ नावाची त्रुटी उघड झाली. गुगल पिक्सेल फोनच्या मार्कअप साधनातून क्रॉप केलेल्या स्क्रीनशॉटचा उडवलेला भाग काही प्रमाणात परत मिळवता येत होता. विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्येही तसाच दोष आढळला. दोन्ही कंपन्यांनी नंतर दुरुस्ती दिली, पण आधी पाठवलेली चित्रे जिथे होती तिथेच राहिली. तिथे कारण वेगळे होते, धडा मात्र तोच : न दिसणे आणि नसणे यात फरक आहे.

कापल्यावर आवाज मागेपुढे का होतो?

मोबाइल कायम सेकंदाला ३० फ्रेम टिपत नाही. प्रकाश कमी झाला की किंवा प्रोसेसरवर ताण आला की फ्रेमचे अंतर बदलते. याला ‘व्हेरिएबल फ्रेम रेट’ म्हणतात. एडिटिंग सॉफ्टवेअरने अंतर समान धरले, की लांब व्हिडीओत ओठ आणि आवाज हळूहळू फारकत घेतात. उपाय सोपा आहे. एडिट करण्याआधी हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून फाइल ‘कॉन्स्टंट फ्रेम रेट’मध्ये बदलून घ्यावी.

कट खटकू नये यासाठीही आवाजच कामी येतो. पुढच्या दृश्याचा आवाज चित्राच्या आधी सुरू केला तर तो ‘जे-कट’, आधीच्या दृश्याचा आवाज पुढच्या चित्रावर रेंगाळू दिला तर ‘एल-कट’. टाइमलाइनवर तुकड्यांचा आकार या इंग्रजी अक्षरांसारखा दिसतो, म्हणून ही नावे. मुलाखतीत हे दोन कट वापरले, की उड्या मारल्यासारखे वाटत नाही.

व्हिडीओ पुरावा असेल तर?

मग मूळ फाइलला हात लावायचा नाही. अपघात, मारहाण, जागेचा वाद, काहीही असो. कापायचे ते प्रतीवर. न्यायालयात मूळ साधन आणि त्याची प्रत यांत मोठा फरक केला जातो. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात उमेदवारी अर्ज मुदतीत दाखल झाला का, असा वाद झाला आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातले चित्रीकरण कळीचे ठरले. त्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केले, की मूळ साधन हजर केले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र आवश्यक आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला. त्याच्या कलम ६३ नुसार द्यायच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलची ‘हॅश व्हॅल्यू’ नोंदवावी लागते. हॅश म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठसा. एसएचए-२५६ पद्धतीत तो ६४ अक्षरांचा असतो. एक सेकंद काय, एक फ्रेम कापली तरी तो पूर्ण बदलतो.

थोडक्यात काय कराल?

- मूळ व्हिडीओ वेगळा जपून ठेवा. ट्रिम करताना ‘सेव्ह ॲज न्यू क्लिप’ किंवा ‘सेव्ह कॉपी’ निवडा.
- फक्त लांबी कमी करायची असेल आणि लपवण्यासारखे काही नसेल, तर लॉसलेस कापणी उत्तम.
- काही लपवायचे असेल, तर एडिटिंग ॲपमधून पूर्ण ‘एक्स्पोर्ट’ करा आणि एक्स्पोर्ट झालेली फाइलच पाठवा.
- ट्रिम केल्याने चित्रीकरणाच्या ठिकाणाची नोंद पुसली जाईलच असे नाही. शेअर करताना ‘लोकेशन’चा पर्याय बंद करा.
- एकच व्हिडीओ पुन्हा पुन्हा एक्स्पोर्ट करू नका, दर वेळी दर्जा थोडा घसरतो. सगळे कट एकदाच करा.

ओळखपत्राच्या त्या चार सेकंदांसाठी एक्स्पोर्टला एखादे मिनिट जास्त लागेल. ग्रुपवर गेलेली फाइल मात्र कुणाकुणाच्या फोनमध्ये उतरली, याचा हिशेब नंतर लागत नाही.