बारा पायांचा ड्रॅगन

दिवाळीच्या सुट्टीत नातवंडं नागपूरहून चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या सावलीला आली ती फाशांची एक पिशवी घेऊन. फासे तरी कसले! एकाला चार बाजू, एकाला आठ, एकाला बारा आणि एकाला चक्क वीस. आम्ही लहानपणी कवड्या टाकत असू, त्या फार तर पालथ्या पडायच्या नाहीतर उताण्या.

"आबाजी, हा हरण्या-जिंकण्याचा डाव नाही," थोरलीनं मला समजावलं. "एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. वार लागला की हुकला, ते फासा ठरवतो."

हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा छापून विकला. नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. त्यातल्या ड्रॅगनांच्या जाती रंगावरून ओळखायच्या. तांबडा आग ओकतो, काळा आम्ल, हिरवा विषारी वायू, निळा वीज फेकतो आणि पांढरा हाडं गोठवणारी थंडी. पण आमच्या पोरांना छापील ड्रॅगन नको होता, त्यांना स्वतःचा घडवायचा होता. धाकट्यानं वहीचं पान माझ्यापुढे धरलं. पाय चार, पंख दोन, लांबी शंभर फूट, वजन "खूप", आग आहे, विष आहे, वीज आहे.

"एवढं सगळं याला फुकट दिलं कुणी?" मी विचारलं.

"फुकट म्हणजे?"

"तुमच्या खेळात गडी तयार करताना ताकदीला जास्त गुण दिले, तर दुसरीकडे हात आखडावा लागतो ना?"

"हो, कधी कधी मोजकेच गुण मिळतात. ते वाटून द्यायचे."

"मग निसर्गाचा खेळही तोच आहे. चला बांधीवर. तिथे एक ड्रॅगन राहतो."

बाळांनो, आमच्याकडे धानाच्या वाफ्याला बांधी म्हणतात आणि दोन बांध्यांच्या मधल्या बांधाला धुरा. कापणी चालू होती, कापलेल्या धानाच्या मुठी, म्हणजे कडपा, उन्हात वाळत पडल्या होत्या. धुऱ्यावर, एका बिळाच्या तोंडाशी, ती ऊन खात पसरली होती. घोरपड! नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत मीटरभर तरी असेल. अंगावर मळक्या मण्यांसारखे खवले, गळ्याला सैल कातडी. आमची चाहूल लागताच तिनं मान उचलली आणि जीभ बाहेर काढली. लांब, ओली आणि टोकाला दुभंगलेली.

"सापासारखी!" धाकटा माझ्यामागे सरकला.

"ती तुझा वास घेते आहे. जिभेची दोन टोकं हवेतून वासाचे कण टिपतात आणि टाळूतल्या खास इंद्रियाकडे पोचवतात. डाव्या टोकाला वास जास्त लागला तर सावज डावीकडे, उजव्याला लागला तर उजवीकडे. दोन कानांनी आवाजाची दिशा कळते ना, तशी तिला दोन टोकांनी वासाची कळते."

इंडोनेशियातल्या कोमोडो बेटावरचा तीन मीटर लांबीचा ‘कोमोडो ड्रॅगन’ हिच्याच कुळातला, हिचा थोरला चुलतभाऊच म्हणा. शास्त्राच्या दप्तरात त्याची नोंद झाली ती १९१२ मध्ये. त्याच्या खालच्या जबड्यात विषाच्या ग्रंथी असतात, हे तर २००९ साली कळलं. आमची घोरपड मात्र किडे, बेडूक, अंडी, उंदीर खाते आणि माणूस दिसला की पळते. पळण्याचं कारण आपणच. तिला मारणं सोडाच, पकडणंही कायद्यानं गुन्हा आहे, हे पोरांनी वहीत लिहून घेतलं.

"आबाजी, हिलाच दहापट मोठी केली तर?"

मला हाच प्रश्न हवा होता. मी धुऱ्यावर काडीनं एक चौकोनी ठोकळा काढला. लांबी दहापट केली की रुंदी दहापट, उंचीही दहापट. म्हणजे वजन दहा गुणिले दहा गुणिले दहा, हजारपट. पण पायाच्या हाडाची ताकद त्याच्या जाडीवर, म्हणजे कापल्यावर दिसेल त्या चकतीवर ठरते. ती वाढते दहा गुणिले दहा, शंभरपटच. तीन किलोची घोरपड तीन हजार किलोंची होईल आणि तिच्या पायावर पूर्वीच्या दहापट भार येईल. उभी राहताच कडाड! इटलीतल्या गॅलिलिओनं हे १६३८ साली पुस्तकात मांडलं. मोठ्या प्राण्याचं हाड कसं बेढब जाड करावं लागेल, त्याचं चित्रही काढून दाखवलं.

"पण चांद्याला जटपुरा गेटावर सिंह हत्तीपेक्षा मोठा आहे," थोरली म्हणाली. मागच्या खेपेला तिनं तो नीट पाहिला होता. हत्तीवर झेप घेऊन त्याला लोळवणारा सिंह म्हणजे चांद्याच्या गोंड राजांचं राजचिन्ह. चांदा म्हणजे आजचं चंद्रपूर. तिथल्या परकोटाच्या दरवाजांवर ते आजही दिसतं.

"त्या सिंहाला स्वतःचं वजन पेलावं लागत नाही, पोरी. ते भिंत पेलते."

"मग खरोखरचा मोठा ड्रॅगन होऊच शकत नाही?"

"होऊ शकतो. झालाही होता, आपल्याच वाटेवर." मी दक्षिणेकडे हात केला. गडचिरोली ओलांडून सरळ खाली गेलं की सिरोंचा लागतं. तिथे प्राणहिता गोदावरीला मिळते. जवळच कोटा नावाचं गाव आहे आणि त्यावरून तिथल्या खडकांच्या थरांना कोटा थर म्हणतात. सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वीच्या नद्या-तळ्यांचा गाळ आहे तो. नदीपल्याड, पोचमपल्ली गावाजवळ, १९५८ ते १९६१ च्या दरम्यान कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या लोकांना या थरांत हाडांची रासच सापडली. एकाची नव्हे, अनेक जनावरांची हाडं, एकमेकांत मिसळलेली. १९७५ मध्ये त्या डायनोसॉरचं बारसं झालं. बारापासॉरस टागोराय.

"बारा पाय?" धाकटा उडालाच. "बारा पायांचा ड्रॅगन?"

मला हसू आवरेना. "अरे, ते मराठी बारा नाही. बंगालीत बडा म्हणजे मोठा आणि पा म्हणजे पाय. मोठ्या पायाचा सरडा. मांडीचं एकच हाड माणसाच्या उंचीइतकं! आणि टागोर कशाला, तर १९६१ हे रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचं वर्ष."

आता पाहा त्यानं गुण कसे वाटले ते. पाय घोरपडीसारखे बाजूला फाकलेले नाहीत, देवळाच्या खांबांसारखे अंगाखाली सरळ. पाठीचे मणके बाजूनं पोखरलेले, म्हणजे बळकटी तेवढीच आणि भार कमी. शेपटीसकट लांबी चौदा मीटरच्या आसपास, आपल्या गावात येणाऱ्या एस.टी.पेक्षाही जास्त. बदल्यात चपळाई गेली, शिकार गेली. दिवसभर पाला ओरबाडणं एवढंच नशिबी आलं. आणि गंमत म्हणजे त्याची कवटी सापडलीच नाही, फक्त दात मिळाले. कोलकात्याच्या संग्रहालयात सांगाडा उभा आहे, पण त्याच्या डोक्याचा अंदाज भाऊबंदांवरून बांधावा लागतो. शास्त्रज्ञांनाही कधी कधी ड्रॅगन घडवावा लागतो, पोरांनो. फक्त त्यांना नियम मोडता येत नाहीत.

"पंखांचं काय?" थोरलीनं वही पुढे केली. "चार पाय, दोन पंख."

"मोज. झाले किती?"

"सहा."

"आता तुझे हातपाय मोज. बैलाचे मोज, बेडकाचे मोज. कणा असलेल्या, जमिनीवर आलेल्या साऱ्या घराण्याला वारशात चारच अवयव मिळाले. सापानं ते गमावले, पण पाचवा कुणालाही जोडता आला नाही. ज्याला पंख हवे त्यानं हात मोडायचे. चिमणीचा पंख म्हणजे तिचा हात. वटवाघळाचा पंख म्हणजे त्याची लांबवलेली बोटं, मधे कातडं ताणलेलं. डायनोसॉरांच्या काळात उडणारे टेरोसॉर तर एकाच लांब बोटावर अख्खा पंख तोलत. कोटा थरांत त्यांचेही तुकडे मिळाले आहेत."

धाकट्याचं तोंड उतरलं. मग मी त्याला एक पळवाट सांगितली. गोवा-कर्नाटकाकडच्या झाडीत आणि सुपारीच्या बागांत वीतभर लांबीचा एक सरडा असतो. त्यानं चारही पाय राखले आणि बरगड्या लांबवल्या. खोडावरून उडी मारताना छत्रीच्या काड्यांसारख्या त्या उघडतो आणि दुसऱ्या झाडावर अलगद उतरतो. लिनियस या स्वीडिश पंडितानं अशा उडत्या सरड्यांचं १७५८ मध्ये नाव ठेवलं ड्रॅको, लॅटिनमध्ये ड्रॅगन. सहा अवयवांच्या ड्रॅगनच्या सगळ्यांत जवळ पोचलेला प्राणी हाच. पण किंमत पाहा. त्याला पंख फडफडवता येत नाहीत, फक्त तरंगता येतं, आणि अंग हलकं ठेवावं लागतं.

उरली आग. ती मला शोधावी लागली नाही, एकदा तीच माझ्या बोटाला लागली होती. तरुणपणी धुऱ्यावरचा ओला दगड उलथला, तर खाली एक काळा भुंगेरा, अंगावर पिवळे ठिपके. चिमटीत धरला आणि ‘फट्’! बारीक धूर, चटका, वर एक उग्र वास. बोटावर तपकिरी डाग पडला तो कित्येक दिवस गेला नाही. तुमची आजी म्हणाली, विडी ओढायला लागलात की काय!

त्या भुंगेऱ्याच्या पोटात मागच्या बाजूला दोन कप्पे असतात. आतल्या पिशवीत हायड्रोक्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड ही रसायनं शेजारी-शेजारी शांतपणे नांदतात. बाहेरच्या टोकाकडची कोठडी जाड भिंतींची, तिच्यात विकरं, म्हणजे रासायनिक क्रिया झपाट्यानं घडवणारी द्रव्यं. कुणी छेडलं की पिशवीतला द्रव कोठडीत येतो, विकरं त्यावर तुटून पडतात आणि क्षणात सगळं उकळतं. पाण्याच्या उत्कलनबिंदूएवढा, शंभर अंशांचा फवारा! तोही सलग नाही, सेकंदाला पाचशेच्या घरात ठोके देत. मधल्या सूक्ष्म विश्रांतीत कोठडी थोडी निवते, म्हणून भुंगेरा स्वतः शिजत नाही.

"म्हणजे खरी आग नाही," धाकटा म्हणाला.

"ज्वाळा नाही, पण भाजतं बरं का! आणि याचीही किंमत आहे. साठा संपला की नळी कोरडी. पुन्हा भरायला वेळ जातो, खाणं लागतं."

थोरलीनं लगेच लिहिलं, ‘आग: दिवसातून तीनदा. मग उपाशी.’ पोरगी हिशेब शिकली होती.

संध्याकाळी जेवायला बसलो. घरच्या नव्या तांदळाचा भात, वर वरण. धाकट्यानं हात पुढे केला आणि "स्स" करून मागे घेतला. दिवसभर कडपांत खेळून त्याच्या बोटांवर बारीक चिरा पडल्या होत्या.

"धानाचं पातं कापतं कशामुळे, माहीत आहे? धान जमिनीतून वाळूचं द्रव्य, सिलिका, पाण्याबरोबर शोषून घेतं आणि पात्यात त्याचे काचेसारखे कण बनवतं. पातं कुजतं, जळतं, जनावराच्या पोटात पचतं, पण हे कण उरतात. गवताच्या कुळाप्रमाणे कणांचा घाट बदलतो, कुणाचा डमरूसारखा, कुणाचा खोगिरासारखा."

आणि इथे, बाळांनो, माझा सगळ्यांत लाडका ड्रॅगन येतो. आपल्याच जिल्ह्यात वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या मातीत डायनोसॉरांची हाडं मिळतात आणि त्यांचं दगड झालेलं शेणही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं, दख्खनच्या लाव्हाच्या काळातलं. ते टायटॅनोसॉर नावाच्या अजस्र, लांब मानेच्या शाकाहाऱ्यांचं मानतात. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे शेण विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, तर आत गवताचे काचकण! तोवर पुस्तकांत असायचं की डायनोसॉर गेल्यावर गवत आलं. २००५ मध्ये ‘सायन्स’मध्ये हे छापून आलं आणि पुस्तकं बदलावी लागली. त्या जनावरांचा मुख्य चारा इतर झाडपाला होता, गवत अधूनमधून. पण २०११ मध्ये मध्य भारतातल्या त्याच काळच्या नमुन्यांत काही कण असे ओळखले गेले, जे धानाच्या कुळाशी जुळत होते.

पोरांनी ताटाकडे पाहिलं.

"म्हणजे ड्रॅगननं भात खाल्ला?"

"भात नाही रे. तुझ्या भाताच्या खापरपणजोबाची पानं."

दोघं थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग धाकट्यानं उष्ट्या हातानंच वही ओढली, आजी ओरडली तरी. ड्रॅगनचे पंख खोडले. लांबी शंभर फुटांवरून पंचेचाळीस केली. पाय चारच ठेवले, शेजारी मोठ्या अक्षरात ‘खांब’. आग तीनदा, मग उपाशी. नाव लिहिलं ‘बारापा’, आणि बारा पाय नाहीत अशी तळटीप. मग पानाच्या तळाशी पट्टीनं एक नवा चौकोन आखला. तो चौकोन त्यांच्या छापील पुस्तकातल्या कुठल्याही ड्रॅगनला नसावा.

चौकोनावर लिहिलं होतं: ‘शेणात काय सापडतं’.