कर्ज नाही म्हणजे पत चांगली, असं नसतं

‘मी कधी कर्जच घेतलं नाही, म्हणजे माझी पत उत्तम’ हा समज चुकीचा आहे. पत मोजणारा सिबिल स्कोअर ३०० ते ९०० या पट्ट्यात असतो आणि तो परतफेडीच्या नोंदींवरून ठरतो. नोंदच नसेल तर बँकेला तुमची शिस्त दिसणार कशी? मग हप्त्यांवर महागडा फोन घ्यायचा का? गरज नाही. मुदत ठेवीवर मिळणारं क्रेडिट कार्ड घ्या, त्यावर मोबाइलचं बिल भरा आणि पूर्ण रक्कम मुदतीत फेडा. नुसती ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे किमान देय रक्कम, भरली तर उरलेल्यावर व्याज चढतं. कार्डामुळे हात सैल सुटतो, ही भीती रास्त आहे. म्हणूनच मर्यादा छोटी ठेवा. पण कार्ड टाळू नका, कारण अनेक बँका गृहकर्जाचा व्याजदर स्कोअर पाहून ठरवतात आणि २० वर्षांच्या हप्त्यांत अर्धा टक्काही जड जातो.