अजगर पाळणे : बंदी की नोंद?

छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात काचेआडचा साप पाहून एखादे मूल विचारते, ‘असा घरी पाळता येईल?’ भारतीय अजगराबाबत उत्तर स्पष्ट आहे : १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे, आणि ते योग्यच. प्रश्न आहे आफ्रिकेतल्या बॉल पायथनसारख्या परदेशी सापांचा. २०२२ची दुरुस्ती व २०२४चे नियम त्यांची नोंदणी सक्तीची करतात. सरसकट बंदीचे समर्थक फ्लोरिडाकडे बोट दाखवतात. तेथे सुटलेल्या पाळीव बर्मी अजगरांच्या वंशाने दलदलीतले ससे, रॅकून फस्त केले. धोका खराच आहे. पण बंदी आली की धास्तावलेला मालक साप गुपचूप माळावर सोडण्याची भीती वाढते. नोंद असेल तर साप कुणाकडे आहे हे वनखात्याला ठाऊक असते आणि मालकाला हात झटकता येत नाहीत.