किटलीतला पांढरा थर आणि उपवासाचे पाणी

चातुर्मास आला की आपल्या घरांत पाणी उकळण्याचे काम वाढते. पाणी गाळायचे, उकळायचे, परातीत निववायचे आणि सूर्यास्तापर्यंत पुरेल इतके भरून ठेवायचे, हा क्रम श्राविकांना सांगावा लागत नाही. पूर्वी हे काम पितळी पातेल्यात होई. आता अनेक घरांत विजेची किटली आली आहे. महिना-दीड महिन्यात तिच्या तळाशी पांढरा, खरखरीत थर जमतो. किटली खराब झाली असे समजून कोणी ती टाकून देतो, तर कोणी तारेच्या घासणीने खरवडतो. दोन्हीची गरज नाही.

हा थर म्हणजे मळ नव्हे. पाण्यात विरघळलेले कॅल्शियमचे क्षार उकळताना चुनखडीच्या रूपाने वेगळे होतात आणि तळाला चिकटतात. नाशिकच्या नळाला मुख्यत्वे गंगापूर धरणाचे, म्हणजे गोदावरीत साठलेल्या पावसाचे पाणी येते. विंधनविहिरीचे पाणी मात्र खडकातून झिरपत येताना अधिक क्षार घेऊन येते. ते वापरणाऱ्या घरांत थर लवकर धरतो. तो पोटाला अपायकारक नाही. पण त्यातून उष्णता सहज जात नाही, म्हणून वेळ आणि वीज दोन्ही अधिक लागतात. शिवाय त्याचे कण सुटून पाण्यात तरंगतात.

चुनखडी आंबटाने विरघळते. अर्धी किटली पाणी घेऊन त्यात दोन लिंबांचा गाळलेला रस घालावा, उकळी आणावी, बटण बंद करून प्लग काढावा आणि अर्धा तास ठेवावे. बारीक बुडबुडे दिसतात, ते थर विरघळत असल्याची खूण होय. नंतर मऊ फडक्याने पुसावे. किटलीचा विजेचा भाग पाण्यात बुडवू नये. लिंबाबरोबर खाण्याचा सोडा घालू नये. दोघे एकमेकांचा गुण मारतात. कल्हईच्या भांड्यात हा प्रयोग करू नये, आंबटाने कल्हई उतरते.

व्हिनेगरनेही थर निघतो, पण ते आंबवून तयार होते. बाजारातले सायट्रिक ॲसिडही बहुधा बुरशीच्या साहाय्याने बनवलेले असते. ज्यांना हे चालत नाही, त्यांच्यासाठी ताजे लिंबू बरे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेळेची. तिविहार उपवासात उकळलेल्या पाण्यावाचून काही घेता येत नाही. आयंबिलमध्येही लिंबू चालत नाही. उपवासाच्या सकाळी घाईने किटली साफ केली आणि आंबट अंश राहिला, तर तपस्व्याच्या पचक्खाणालाच बाध येईल. म्हणून ही सफाई अष्टमी-चतुर्दशीच्या किंवा पर्युषणाच्या निदान एक दिवस आधी, दिवसाउजेडी करावी. नंतर किटली दोनदा धुवावी, साधे पाणी दोनदा उकळून टाकावे आणि घरातल्या उपवास नसलेल्या माणसाने चव पाहावी. उकळते पाणी थेट मोरीत ओतू नये. तेथे सूक्ष्म जीव असतात. ते निवल्यावरच सोडावे. शेवटी किटली कोरडी पुसून झाकण उघडे ठेवावे, म्हणजे आत ओल राहणार नाही.

घरात कोणाची अठ्ठाई सुरू असते, तेव्हा त्या माणसाचा सारा आधार त्या घोटभर पाण्यावर असतो. ते स्वच्छ असावे, एवढी वेयावच्च तर घरातल्या प्रत्येकाला जमण्यासारखी आहे.